उशिराचा हिशेब मागायला हवा

माझ्या वहिनीच्या दवाखान्याच्या कागदांची पिशवी अजून माझ्याच कपाटात आहे. शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळते तसली, जाड प्लास्टिकची. तिच्यात हिमोग्लोबिनच्या तीन चिठ्ठ्या आहेत, एकाच लॅबच्या. जूनमधली ९.८, सप्टेंबरमधली ८.६, जानेवारीतली ७.१. तिन्ही डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्या आहेत, कारण तिन्हींवर त्यांची सही आहे. दोनदा रक्तवाढीच्या गोळ्या बदलून दिल्या, तिसऱ्या वेळी इंजेक्शनं. त्या चिठ्ठ्या एकमेकींशेजारी ठेवून मात्र कोणी पाहिल्या नाहीत. मी पाहिल्या, पण तेव्हा आम्ही परळला टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या रांगेत उभे होतो.

वहिनी ४६ वर्षांची होती. निफाड तालुक्यात भावाची द्राक्षबाग आहे. शौचावाटे रक्त जायला लागलं तेव्हा बागेत एप्रिलची खरड छाटणी चालू होती. नाशकातल्या एका दवाखान्यात मूळव्याध म्हणून औषध सुरू झालं. तिथे एकदाही बोट घालून तपासणी झाली नाही; कुठल्याच केसपेपरवर तशी नोंद नाही आणि ती स्वतःही शेवटपर्यंत तेच सांगत होती. ऑक्टोबरची छाटणी झाली, डिपिंग झालं, थिनिंग झालं, माल तयार झाला. मार्चमध्ये खुडा सुरू असताना ती बागेतच चक्कर येऊन पडली. दुसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत तपासलं आणि म्हणाले, "गाठ लागतेय." मग कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, बायोप्सी, सीटी स्कॅन. गुदाशयाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. चौथी स्टेज.

एका छाटणीपासून खुड्यापर्यंत अकरा महिने गेले होते.

पुढची दीड वर्षं सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, दादर, तिथून टाटा. ती गेली. वर्षश्राद्धाला मी भावाकडे विषय काढला. गेली १४ वर्षं मी ग्राहक चळवळीत काम करते. दर शनिवारी लोकांच्या तक्रारींचे अर्ज लिहून देते. म्हटलं, आपणही ग्राहक आयोगाकडे जाऊ. तो म्हणाला, "ताई, केस करून काय होणार? ती परत येणार आहे का? आणि लोक म्हणतील, बायकोच्या मरणाचे पैसे मागतोय."

मी त्याला तेव्हा काही बोलले नाही. पण त्याचं म्हणणं मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. का पटत नाही तेच इथे लिहिते आहे, कारण दर दोन-चार शनिवारी असंच घर पुढ्यात येऊन बसतं. कुणाच्या तोंडातल्या न भरणाऱ्या फोडाला 'टोकदार दाढ लागते' म्हणत सहा महिने मलम चोळलेलं असतं. कुणाच्या फुप्फुसातल्या डागाला थुंकीत जंतू न सापडताही टीबीच्या गोळ्या चालू असतात आणि वजन उतरतच असतं. एका मुलीच्या छातीतली गाठ 'लग्नानंतर जाईल' म्हणून सोडून दिलेली होती. प्रत्येक घराचा शेवटचा प्रश्न एकच असतो: आता मागून काय उपयोग?

हाच प्रश्न आपण मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातानंतर विचारत नाही. तिथे माणूस गेला की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला कोणी मरणाचे पैसे म्हणत नाही. तिथे हिशेबाची रीतही ठरलेली आहे: मिळकत किती, घरात अवलंबून किती, वय किती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात वयोगटानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या मिळकतीला कितीने गुणायचं ते आकडे, ठरवून दिले. ४६ ते ५० वयाला १३. गृहिणीला पगार नसतो म्हणून तिच्या कामाला मोल नाही, हेही आता चालत नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई देण्याची बाजू पुन्हा ठामपणे मांडली. वहिनी पहाटे चारला उठून मजुरांचा स्वयंपाक करायची आणि सातला बागेत असायची. ती ट्रकखाली गेली असती तर तिच्या या कामाचा हिशेब झाला असता. तपासणी न झाल्याने गेली, तर तो हिशेब मागणंच कमीपणाचं ठरतं.

डॉक्टरकडून झालेल्या नुकसानीची भरपाई ही काही काल-परवा निघालेली कल्पना नाही. पुण्याच्या जोशी-गोडबोले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सांगितलं की डॉक्टरकडून सर्वोच्च कौशल्याची अपेक्षा नाही आणि अगदी हलकं कौशल्यही चालणार नाही. वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी मात्र हवीच. १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २०१९ च्या नव्या कायद्यातून डॉक्टर सुटले असा युक्तिवाद झाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. पैशांची अडचण म्हणाल तर तीही फारशी नाही. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्कच नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. म्हणजे दार उघडंच आहे. अडचण सुरू होते ती आत गेल्यावर.

कॅन्सरच्या उशिराची गंमत नव्हे, शोकांतिका अशी की इथे दोषी आजारही असतो. पोटात कात्री राहिली तर कात्री दाखवता येते. इथे दवाखान्याचं उत्तर ठरलेलं असतं: कॅन्सर आम्ही दिला नाही, वेळेत कळला असता तरी रुग्ण वाचलाच असता कशावरून? हे उत्तर सरसकट खोटंही नाही, आणि ते झटकून टाकणाऱ्यांपैकी मी नाही. काही गाठी इतक्या झपाट्याने वाढतात की चार महिने आधी कळूनही फारसं बदललं नसतं. काही इतक्या सावकाश वाढतात की उशिराने काही बिघडत नाही. पण या दोन टोकांच्या मध्ये फार मोठा प्रदेश आहे. आतड्यापुरता असलेला कॅन्सर वेळेत सापडला तर अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे पाच वर्षांनंतर दहांतले साधारण नऊ जण हयात असतात. तोच दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर सहा-सातांत एक. या दोन आकड्यांमधलं अंतर हेच माझ्या वहिनीचं नुकसान होतं. तिला कॅन्सर झाला, हे दैव. तो कुठल्या पायरीवर सापडला, यात मात्र माणसांचा हात होता.

नेमक्या याच जागी कायदा अडखळतो, आणि तो फक्त आपलाच नाही. इंग्लंडमध्ये १९९४ साली एका माणसाने डाव्या काखेखालची गाठ आपल्या डॉक्टरला दाखवली. डॉक्टर म्हणाले, चरबी आहे, काळजी नको. तो लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर होता. निदान नऊ महिने लांबलं. त्याची बरं होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली, हे न्यायालयानेही मानलं. डॉक्टरचा निष्काळजीपणाही मानला. आणि तरी २००५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला, कारण मुळातच शक्यता निम्म्याहून कमी होती, म्हणजे वेळेत निदान होऊनही तो बरा न होण्याचाच संभव जास्त होता. ग्रेग विरुद्ध स्कॉट नावाने हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

मला तो निकाल वाचून राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. याचा अर्थ असा होतो की ज्याची शक्यता ५१ टक्के होती त्याचं सगळं बुडालं तर पूर्ण भरपाई, आणि ज्याची ४९ होती त्याचं सगळं बुडालं तर शून्य. जास्त आजारी माणसाकडे डॉक्टरने कमी लक्ष दिलं तरी चालेल, असाच याचा निष्कर्ष निघतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९८३ मध्येच याच्या उलट विचार झाला. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाची जगण्याची शक्यता ३९ वरून २५ टक्क्यांवर आली होती; तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गेलेली संधी हेही नुकसान मानलं आणि दावा पुढे चालू दिला. फ्रान्समध्ये तर गमावलेल्या संधीची भरपाई ही जुनी रूढ गोष्ट आहे.

हिशेब अवघड नाही. समजा पूर्ण भरपाई २० लाख ठरते. शक्यता ४२ वरून २५ वर आली, म्हणजे १७ टक्के गेली. २० लाखांचे १७ टक्के म्हणजे ३ लाख ४० हजार. दवाखान्यावर आजाराचा बोजा पडत नाही, आणि रुग्ण रिकाम्या हाताने परत जात नाही. रुग्णानेही तीन महिने अंगावर काढलं असेल तर तेवढा वाटा वजा करा. आमच्याकडे बायका लाजेने सांगत नाहीत, 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' म्हणून बायोप्सी टाळतात, हे मी रोज पाहते. वाटा वजा करणं न्यायाचं आहे. त्या सबबीवर अख्खी तक्रारच निकाली काढणं न्यायाचं नाही. आपल्या ग्राहक कायद्यात भरपाईचं कोष्टक दिलेलं नाही. आयोगाला वाजवी रक्कम ठरवण्याची मोकळीक आहे. ती मोकळीक ठोक रकमा देण्यात जाते, त्याऐवजी असा महिन्यांचा आणि टक्क्यांचा हिशेब निकालपत्रात लिहिला जावा, एवढंच माझं मागणं आहे. दोन्ही बाजूंना कळेल तरी, कशाचे किती.

तज्ज्ञाच्या मताची अट सर्वांत जास्त लोकांना परत पाठवते. नाशकातला एक डॉक्टर नाशकातल्या दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लेखी मत देत नाही. एकाच कट्ट्यावर चहा घेणारी माणसं, मी त्यांना दोष देत नाही. पण प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच हेही खरं नाही. हैदराबादच्या एका प्रकरणात मलेरियाच्या रुग्ण बाईवर टायफॉइडचे उपचार होत राहिले आणि ती गेली. २०१० मध्ये किशन राव प्रकरण म्हणून सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जिथे चूक उघड दिसते तिथे तज्ज्ञाच्या मताचा हट्ट धरू नये. ९.८, ८.६, ७.१ आणि सोबत वाहणारं रक्त. यात काय दिसत नाही, हे समजून घ्यायला मला तरी तज्ज्ञ लागला नाही.

आणि मुदत. तक्रार दोन वर्षांत करायची असते. कधीपासून? पोटात राहून गेलेल्या बोळ्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की चूक लपलेली असेल तर ती वाजवी प्रयत्नांनी कळली, किंवा कळायला हवी होती, तेव्हापासून. त्याच प्रकरणात ती बाई परिचारिका होती, नऊ वर्षं दुखत असून तिने शोध घेतला नाही म्हणून तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. कॅन्सरच्या घरात ही दोन वर्षं कशी जातात ते बाहेरच्याला कळणार नाही. आमची केमोत गेली. मग दहावं, तेरावं, मग बाग पुन्हा उभी करणं. निदानाची तारीख धरली तर वर्षश्राद्धाच्या दिवशी मुदत उलटून गेली होती, मृत्यूची धरली तर शिल्लक होती. आयोगापुढे पहिली लढाई यावरच झाली असती. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण ती आयोगाच्या मर्जीवर.

न्यूयॉर्कमध्ये लावर्न विल्किन्सन नावाची बाई होती. २०१० मध्ये छातीत दुखतं म्हणून ती सरकारी रुग्णालयात गेली. एक्स-रेमध्ये संशयास्पद गाठ दिसत होती, तिला मात्र सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. २०१२ मध्ये कॅन्सर कळला तेव्हा दावा करायची १५ महिन्यांची मुदत कधीच संपली होती. म्हणजे आपल्यावर अन्याय झाला हे कळायच्या आधीच तिचा हक्क गेला. २०१३ मध्ये, ४१ व्या वर्षी ती वारली. लोकांनी पाच वर्षं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला: कॅन्सरचं निदान चुकलं असेल तर मुदत कळल्यापासून मोजायची. आपल्या कायद्यातही हे वाक्य स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि उपचार चालू असलेला काळ त्यातून वगळावा. आजारी माणसाने एका हाताला सलाईन लावून दुसऱ्या हाताने तक्रार लिहावी अशी अपेक्षा करणं क्रूर आहे.

सरकारी दवाखान्याचं तर आणखी वेगळं. सुरगाणा किंवा पेठसारख्या दुर्गम तालुक्यातली बाई सरकारी रुग्णालयात दाखवते. तिथे सगळ्यांनाच मोफत उपचार असल्याने ती ग्राहक ठरत नाही. केसपेपरचे नाममात्र पैसे भरले म्हणूनही ठरत नाही. तिने दिवाणी न्यायालयात जावं. जिला नाशिकचं एसटीचं भाडं जमवावं लागतं तिला सर्वांत लांबचा रस्ता, आणि नाशकातल्या गंगापूर रोडच्या खासगी दवाखान्यातल्या रुग्णाला जवळचा. न्यूझीलंडने १९७४ पासून दोष सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता नुकसान भरून देणारी सार्वजनिक योजना चालवली आहे, आणि उपचारांतली हानी तिच्यात येते. आपण एवढी मोठी योजना उद्या आणू असं मी म्हणत नाही. पण जन आरोग्य योजनेत सरकार कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचा खर्च उचलतं, तर सरकारी चुकीने वाढलेल्या आजाराची जबाबदारी उचलणारा एखादा निधी त्याच व्यवस्थेत का बसू नये?

डॉक्टरांचं म्हणणं मी पुष्कळ ऐकलं आहे, घरातही डॉक्टर आहेत. एका सकाळी ओपीडीत ८० पेशंट, त्यातल्या रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याधच असते. सगळ्यांची कोलोनोस्कोपी करायला लावली तर उद्या तुम्हीच कमिशनसाठीची कट प्रॅक्टिस म्हणून ओरडाल. बरोबर आहे. चुकलेलं प्रत्येक निदान निष्काळजीपणा नसतं, हे न्यायालयंही वारंवार सांगत आली आहेत. पण मी दुर्बिणीची अपेक्षा करत नाही. मी हातमोजा, एक बोट आणि मागच्या तारखेची चिठ्ठी उलटून पाहण्याची अपेक्षा करते आहे. राज्यभरच्या भावी डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं, १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याच नाशकात म्हसरूळला आहे. तिथल्या अभ्यासक्रमात ही तपासणी पहिल्या पायरीची मानतात.

आणि दवाखान्यांवर दगड पडतात तेव्हा? डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि तो हवाच. मारहाणीचं मी कधीही समर्थन करणार नाही. पण काच फोडणाऱ्यांपैकी कितींना आयोगाचा रस्ता माहीत होता, कितींना तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात लिहिलेलं असताना वर्षानुवर्षं तारखा पडतात हे ऐकून तिकडे जावंसं वाटलं नाही? कागदावर शांतपणे हिशेब मागणारा माणूस हा डॉक्टरांचा शत्रू नाही. तो मार्ग रुंद झाला तर त्यात डॉक्टरांचंही भलं आहे.

सगळं शेवटी कागदावर येतं. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं सांभाळायची असतात, आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. ओपीडीत मात्र जे तुमच्या हातात येतं तेवढंच. लॅबची चिठ्ठी थर्मल कागदावर असेल तर वर्षभरात उडून जाते. लोक जुने रिपोर्ट रद्दीत घालतात, मोठ्या दवाखान्यात मूळ कागद देऊन येतात, झेरॉक्स ठेवत नाहीत. वहिनीने सगळं ठेवलं होतं, द्राक्षाच्या पावत्यांसारखं तारीखवार लावून. आमच्याकडे पुरावा होता. मागायचं धाडस नव्हतं.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला, रात्री साडेनऊला. शेजारच्या बागेतल्या काकांच्या तोंडातला फोड आठ महिन्यांनी कॅन्सर निघाला होता, आणि आधीचा दवाखाना कागद देत नव्हता. भाऊ म्हणाला, "ताई, त्या अर्जात काय लिहायचं असतं?"

मी सांगत गेले, तो लिहीत गेला. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे केसपेपर, एक्स-रे, रिपोर्ट हवे ते सगळं. दोन प्रती. एकीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तिथून निघायचं नाही. दिला नाही शिक्का तर रजिस्टर पोस्टाने पाठवायचा, पोच जपून ठेवायची.

"आणि वरती तारीख टाक," मी म्हटलं. "उद्याची नको. आजचीच टाक."